हात खिशात

खिशात हात घालून उभं राहायला चार वर्षांची पदवी लागते, हे ताईला वयाच्या एकावन्नाव्या वर्षी कळलं, आणि कळल्यावर पुढचे पंधरा दिवस तिचा राग काही शांत होईना.

ती पदवीवाली बाई दारात आली तेव्हाच ताईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. बाई तिशीची, चणीने लहान, पायात कापडी बूट, अंगात निळा एप्रन आणि त्या एप्रनला हे एवढाले दोन खिसे. खांद्याला फुगलेली पिशवी. ती पिशवी टेबलावर रिकामी झाली तर आतून निघाले कपड्यांचे चिमटे, कडधान्याने भरलेला एक डबा, बटणं लावलेलं फडकं आणि खिडकीची कडी ठोकलेली लाकडी फळी. इस्पितळाने माणूस पाठवलाय की भंगारवाला, असा प्रश्न कुणालाही पडला असता.

"मी थेरपिस्ट," बाई म्हणाली. "अर्धांगाचा झटका येऊन गेलेल्या माणसाला घरातली आपली आपली कामं परत करता यावीत, एवढंच माझं काम. आठवड्यातून तीनदा येईन."

एवढं बोलून तिने दोन्ही हात जे खिशात घातले, ते तासाभराने निघताना बाहेर काढले.

त्या तासात मास्तरांनी, म्हणजे ताईच्या वडिलांनी, स्वतःच्या शर्टाची चार बटणं लावली. उजवी बाजू लुळी पडलेली, सगळी मदार डाव्या हातावर, त्यामुळे चार बटणांना एकोणीस मिनिटं लागली आणि पाचवं लागलंच नाही. ताई दोनदा खुर्चीतून उठली. दोन्ही वेळा बाईने नुसत्या मानेने तिला खाली बसवलं.

"ते अडले असं वाटलं की मनात वीस मोजायचे," बाई म्हणाली. "वीस झाले आणि त्यांनी मदत मागितली, तरच उठायचं. नाहीतर पुन्हा एकपासून."

बाईची पाठ फिरताच ताईने धाकट्या भावाला फोन लावला. भाऊ दूरच्या शहरात राहायचा आणि घरातल्या सगळ्या अडचणी फोनवरून सोडवायचा.

"अरे, ही नुसती उभी राहते. मला वाटलं मालिश करेल, औषधाचं बघेल, निदान उशी तरी सारखी करेल. खिशात हात घालून उभं राहायला शिक्षण कशाला लागतं?"

"चार वर्षं लागतं," भाऊ म्हणाला. तो आधी माहिती काढून मग बोलणाऱ्यांतला. "मी बघितलं. या बाईंनी तर वर आणखी दोन वर्षं केलीत."

"सहा वर्षं खिशात हात?" ताई म्हणाली आणि फोन ठेवून बाबांचं पाचवं बटण लावायला गेली.

ताईचा राग समजून घ्यायचा, तर तिची नोकरी समजून घ्यायला हवी. तीनशे खोल्यांच्या एका मोठ्या हॉटेलात ती गेली सव्वीस वर्षं खोल्यांची व्यवस्था पाहत होती, त्यातली अकरा वर्षं प्रमुख म्हणून. हाताखाली साठ माणसं, आणि त्या साठ जणांना तिने एकच मंत्र दिलेला: पाहुण्याला मागावं लागलं तर आपण हरलो. तहान लागायच्या आत पाणी, हात पुढे यायच्या आत टॉवेल. चादरीवर सुरकुती दिसली तर तिला रात्रीचं जेवण गोड लागायचं नाही.

अशी बाई सहा आठवड्यांची रजा टाकून बाबांकडे आली आणि तिने दोन खोल्यांच्या त्या घराचं हॉटेल करून टाकलं. मास्तर पलंगावरून पाय खाली सोडायच्या आत चपला बोटांच्या दिशेला वळलेल्या असायच्या. ब्रशवर पेस्ट लागलेली, पावाचे तुकडे झालेले, पेपर हव्या त्या पानावर दुमडलेला. डोळा उघडायचा अवकाश, चष्मा नाकावर. तळहातावरच्या फोडासारखं जपलं तिने बाबांना. आणि इस्पितळातून आले तेव्हा आपले आपण उठून बसणारे मास्तर चार-पाच दिवसांत असे झाले, की चहाचा कप समोर आला तरी तो तोंडापर्यंत कोण नेणार म्हणून वाट पाहायचे.

हे ताईला दिसलं नाही. प्रेमाचा चष्मा लागला की जवळचं दिसत नाही. बाईला मात्र पहिल्याच दिवशी दिसलं होतं, पण ती बोलली नाही. निघता निघता तिने वहीत स्वयंपाकघराचा नकाशा काढला, कुठली वस्तू कुठे असते ते मास्तरांच्या तोंडून एकेक शब्द करून वदवून घेतलं आणि वही खिशात टाकली.

खरा प्रश्न वेगळाच होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की सहा आठवड्यांनी काय तो निर्णय घेऊ. मास्तर या घरात एकटे राहू शकतील का, हे थेरपिस्टच्या अहवालावर ठरणार. नाही जमलं, तर ताईच्या शहरात, तिच्या अकराव्या मजल्यावरच्या घरात. भावाने सहाव्या आठवड्यातल्या रविवारचा सामान हलवायचा ट्रकही ठरवून टाकला होता. शनिवारी दुपारपर्यंत रद्द करता येईल, असं तो पुन्हा पुन्हा सांगायचा, म्हणजे जणू ट्रकवाल्याने त्याच्यावर उपकारच केले होते.

ट्रकचं कानावर आलं त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. झटक्यानंतर त्यांचे शब्द एकेक करून यायचे, मध्ये मोठाली अंतरं ठेवून. ते म्हणाले, "मी... इथेच." आणि रडले. बायको गेली तेव्हाही दाराआड जाऊन रडलेला हा माणूस पोरीसमोर रडला, तेव्हा ताईचं काळीज हललं. ती म्हणाली, "बाबा, त्या बाई तुमची परीक्षा घेणार आहेत. उठून, सगळं आपलं आपण काढून, चहा करून द्यायचा. जमलं तर मी ट्रकचं नाव काढणार नाही. शब्द देते."

आता मास्तर कोण, ते सांगितलं पाहिजे. मास्तर शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. अडतीस वर्षांत त्यांनी निम्म्या गावाला गाडी शिकवली. उरलेलं निम्मं गाव त्या काळात जपून रस्ता ओलांडायला शिकलं. त्यांच्या शिकवायच्या गाडीला ब्रेक दोन. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, एक शेजारी बसलेल्या मास्तरांच्या. मास्तरांचा पाय त्या ब्रेकच्या वर तरंगत असायचा, टेकलेला कधीच नाही. आणि शिकणारा तयार झाला असं ज्या दिवशी वाटे, त्या दिवशी मास्तर तोंडाने काही बोलायचे नाहीत. दोन्ही पाय उचलून सीटवर मांडी घालून बसायचे. गावात विचारायची पद्धतच होती, "काय, मास्तरांनी मांडी घातली का?" घातली म्हणजे लायसन्स मिळाल्यासारखंच.

स्वतःच्या मुलीला त्यांनी एकेचाळीस दिवस ताटकळत ठेवलं होतं. बेचाळिसाव्या दिवशी मांडी घातली, आणि ताईने आनंदाच्या भरात गाडी नेऊन कचरापेटीवर घातली. पेटी आडवी झाली, दिवा फुटला, चार माणसं जमली. मास्तरांनी मांडी मोडली नाही. "आता मागे घे," एवढंच म्हणाले.

तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट घडली. न्हाणीघराच्या उंबऱ्यावर मास्तरांचा उजवा पाय अडकला आणि ते बाजूला कलले. ताई दोन पावलांवर होती, पण तिचा पाय जागचा हलेना. बाई मास्तरांच्या उजव्या हाताला अर्धं पाऊल मागे उभी होती, नेहमीसारखी, हात खिशात घालून. तिचा हात कधी निघाला ते कुणालाच दिसलं नाही. मास्तरांचा कमरेचा पट्टा तिच्या मुठीत होता, तिचा गुडघा त्यांच्या गुडघ्यामागे होता, आणि मास्तर सरळ उभे होते. मग हात पुन्हा खिशात.

"हं, परत," ती म्हणाली. "आधी डावा का उजवा, मास्तर?"

त्या दिवशी ताईला प्रथमच कळलं, की ही बाई कुठेही उभी राहत नाही. रोज तिथेच उभी राहते, जिथून पडणारा माणूस हाताला लागतो. मास्तरांना ते आधीच कळलं असावं. जेवताना ते घास बाजूला ठेवून म्हणाले, "ही... माझ्याच... धंद्यातली."

पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. परीक्षेचा पाचव्या आठवड्यातला शुक्रवार उजाडला, आणि ताई पहाटे साडेपाचला उठली. तिने फसवायचं ठरवलं नव्हतं. तिने नुसती खोली तयार केली. चहापत्तीचा डबा वरच्या फळीवरून खाली ओट्यावर घेतला. साखरेच्या बरणीचं झाकण सैल करून नुसतं टेकवलं. दुधाच्या बाटलीचं सील फोडलं. किटलीत मोजून दोन कप पाणी भरलं, कारण भरलेली किटली जड. कपांचे कान डावीकडे वळवले. पाहुणा येणार असला की ती हेच करायची, सव्वीस वर्षं.

दहा वाजता मास्तरांनी नऊ मिनिटांत चहा केला. एक थेंब सांडला नाही. ताईचा जीव भांड्यात पडला. बाईने घोट घेतला आणि म्हणाली, "चहा छान झालाय." मग वही काढली.

"मास्तर, पहिल्या दिवशी तुम्ही मला हा नकाशा सांगितलात. चहापत्ती वरच्या फळीवर, डावीकडून दुसरी. साखर तिच्यामागे. किटली रिकामी, कारण तुम्ही शिळं पाणी उकळत नाही." तिने ओट्याकडे पाहिलं. "आज घरातल्या वस्तूंना पाय फुटलेले दिसतात."

ताईचे कान तापले. मास्तरांनी हातातला कप हळूच खाली ठेवला. अर्धा प्यालेला होता, तो त्यांनी बोटाने दूर सारला.

"हा चहा... माझा नाही," ते म्हणाले. "ताईचा."

ते उठले आणि काठी टेकत खोलीत गेले. दार लावून घेतलं. दार लावायला त्यांना वेळ लागला.

बाई निघाली तेव्हा ताई तिच्यामागे जिन्यात आली. आता ही काय ऐकवणार याचा अंदाज घेऊन तिने आधीच तोफ डागली. "तुम्ही आठवड्यातून तीन तास येता. बाकीचे तास मी असते इथे."

"खरंय," बाई म्हणाली. "आणि तुमची रजा संपल्यावर कोण असेल? मी अहवालात काय लिहू ते तुम्हीच सांगा. मास्तर स्वतः चहा करू शकतात, मात्र मुलगी पहाटे साडेपाचला उठायला हवी?"

"तुम्हाला वेळसुद्धा कळली?"

"अंदाज. सगळीकडे साडेपाचच असतात. मागच्या महिन्यात एकाने वडिलांसाठी सगळ्या दारांच्या कड्या काढून टाकल्या होत्या. मी कडी उघडायची परीक्षा घ्यायला गेले तर घरात कडीच नाही."

ताईला हसू आलं आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती जिन्याच्या पायरीवर बसली. दोन महिने जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते तिने या खिसेवाल्या बाईला सांगितलं. झटका आला त्या सकाळी बाबांनी पडल्या पडल्या फोन लावला होता तो तिलाच. तिची तेव्हा चौथ्या मजल्याची तपासणी चालली होती आणि फोन कपाटात थरथरत होता. दुपारी शेजारणीने दार वाजवलं तोवर मास्तर न्हाणीघराच्या फरशीवर पडून होते, सकाळी आठपासून.

"मी कुणाच्या तरी उशा सारख्या करत होते," ताई म्हणाली. "आता मला त्यांच्याआधी सगळ्या गोष्टींपर्यंत पोचायचं असतं. एक कप सांडला तरी मला ती फरशी दिसते."

बाईने हात खिशातून काढले आणि ती शेजारी बसली. उगाच पाठीवरून हात फिरवला नाही, तुमची काही चूक नाही वगैरे म्हणाली नाही. ती बोटांवर मोजत सांगू लागली.

"मनगटाला बटण असलेला पट्टा बांधू, दाबला की तुम्हाला, शेजारणीला आणि आमच्या केंद्रात एकदम कळतं. सकाळी दोन तास मदतनीस बाई येतील, आंघोळीच्या वेळी. त्या माझ्याहून कडक आहेत. न्हाणीघरात दांडा बसवलाय, तो तुम्ही टॉवेल वाळत घालायला वापरता, ते बंद करा. आणि पडतील ते, ताई. कधीतरी पडतील, मी खोटं सांगणार नाही. पण त्या सकाळी त्यांना जमिनीवरून उठता येत नव्हतं. आता येतं."

"येतं?"

"तुम्ही बाजारात जाता तेव्हा आम्ही तोच अभ्यास करतो. मास्तरच म्हणाले, ताईसमोर नको. घाबरेल."

आपल्याला न सांगता बाबा कशाचा तरी अभ्यास करताहेत, हे ऐकून ताईला थोडा राग आला, आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

सोमवारी तिने ते पाहायचा हट्टच धरला. मास्तर आधी नाही म्हणाले, मग फरशीवर बसले, मग आडवे झाले. तिथून ते कुशीवर वळले, कोपरावर आले, सरपटत खुर्चीपर्यंत पोचले, गुडघा रोवला आणि खुर्चीला धरून उभे राहिले. अकरा मिनिटं लागली. ताईने वीसपर्यंतचे आकडे तेहेतीस वेळा मोजले आणि हात मांड्यांखाली दाबून धरले. उभं राहिल्यावर मास्तरांनी आधी श्वास घेतला, मग लेकीकडे पाहिलं. तिचा चेहरा पाहून म्हणाले, "तू... पाणी पी."

निघताना बाईने पिशवीतून एक निळा एप्रन काढून ताईला दिला. "जुना आहे, धुतलेला. तुमच्या कपड्यांना खिसे नाहीत, अर्धा घोटाळा तिथेच आहे."

परीक्षा पुन्हा ठरली ती सहाव्या आठवड्यातल्या शुक्रवारी. रविवारी ट्रक. ताईला सवयीने साडेपाचलाच जाग आली आणि सात वाजेपर्यंत ती छताकडे पाहत पडून राहिली. आयुष्यात इतकं अवघड काम तिने केलं नव्हतं. तीनशे खोल्या एका दिवसात लावणं याच्यापेक्षा सोपं.

दहा वाजता ती एप्रन घालून स्वयंपाकघरात टेबलाशी खुर्चीत बसली, हात खिशात. बाई ओट्याजवळ आपल्या जागी, अर्धं पाऊल मागे. ताईच्या खिशात बाईचाच एक विसरलेला कपड्यांचा चिमटा सापडला. तिने तो स्वतःच्या बोटाला लावला, म्हणजे हात बाहेर यायला निघाला तर दुखून आठवण होईल.

मास्तरांनी वरच्या फळीवरून चहापत्ती काढली. डावा हात वर, उजवा ओट्यावर टेकलेला, वजन सांभाळायला. मग साखरेच्या बरणीचं झाकण. ते घट्ट होतं; ताईला माहीत होतं, कारण सैल करायच्या मोहापायी ती काल दोनदा त्या बरणीपर्यंत जाऊन परत आली होती. मास्तरांनी खण उघडला, बरणी खणात उभी केली आणि खण कमरेने ढकलून तिला आवळून धरलं. मग डाव्या हाताने झाकण फिरवलं. पहिल्यांदा फिरलं नाही. दुसऱ्यांदा नाही. ताई चौदापर्यंत आली होती तेव्हा ते फिरलं. चहापत्ती चहादाणीत गेली, थोडी ओट्यावर गेली.

किटली नळाखाली गेली, भरली, आणि तिचा दिवा लागला. पाणी उकळेपर्यंत तिघंही किटलीकडे असे पाहत होते, जणू तिला पळून जायची सवय होती.

पाणी उकळलं. मास्तरांनी किटली उचलली. वाफ त्यांच्या मनगटावरून गेली, हात किंचित हलला, किटलीची चोच एकदा इकडे आणि एकदा तिकडे झाली. ताईचे हात खिशातच होते. चिमटा बोटाला चावत होता. हातांचा बंदोबस्त चोख होता.

मास्तर थांबले. किटली तशीच धरून त्यांनी टेबलाखाली पाहिलं.

"ताई," ते म्हणाले. "पाय."

ताईने खाली पाहिलं. तिचा उजवा पाय फरशी दाबत होता. टाच वर, चवडा रोवलेला, पोटरी दगडासारखी घट्ट झालेली. तिथे ब्रेक असता तर सगळं घर जागच्या जागी थांबलं असतं.

मग तिने उजवा पाय उचलला, डावा उचलला, आणि एकावन्न वर्षांचे कुरकुरणारे गुडघे दुमडून त्या अरुंद खुर्चीत मांडी घालून बसली.

मास्तरांनी तिच्याकडे नीट पाहून घेतलं. त्यांच्या तोंडाची उजवी बाजू अजून हसत नव्हती, डावी हसली. मग त्यांनी किटली कलती केली.

पाणी चहादाणीत पडलं, बरंचसं. उरलेलं ओट्यावरून ओघळून फरशीवर टपटप गळलं. बाईचा एक हात खिशाच्या काठापर्यंत आला आणि तिथेच थांबला. मास्तरांनी किटली खाली ठेवली, ओट्यावरचं फडकं घेतलं आणि आधी ओटा पुसला, मग काठीच्या टोकाने फडकं ढकलत फरशी. ताईने मांडी मोडली नाही.

चहा समोर आला तेव्हा घड्याळात सव्वीस मिनिटं गेली होती. ताईने घोट घेतला. कडू होता. बरणी त्या खणातच राहून गेली होती. सव्वीस वर्षं तिने एकाही पाहुण्याला काही मागायची वेळ येऊ दिली नव्हती. ती म्हणाली, "बाबा, साखर राहिली."

"हो की," मास्तर म्हणाले. दोन शब्द, मध्ये अंतर न ठेवता. आणि काठी घेऊन साखर आणायला वळले.

बाईने दोन्ही हात बाहेर काढले, वही उघडली आणि लिहायला लागली. तिचं अक्षर वाईट होतं, पण 'स्वतःच्या घरी' एवढे दोन शब्द ताईला टेबलापलीकडून उलटे वाचता आले. तेवढ्यात फोन वाजला.

"काय झालं?" भाऊ विचारत होता. "ट्रकवाला डोकं खातोय. आणि तुझा आवाज तुटतोय, जरा उठून खिडकीपाशी ये ना."

"नाही उठता येत," ताई म्हणाली. "मी मांडी घातलीय."

भावालाही गाडी त्याच माणसाने शिकवली होती.

"बरं," तो म्हणाला. "मग मी ट्रक रद्द करतो."